ॲक्सेसमध्ये फाइल निवडायला काय वापरावं: फाइलडायलॉग की विंडोज एपीआय?

ॲक्सेस या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅममधल्या फॉर्मवर ‘फाइल निवडा’ असं बटण द्यायचं असेल, तर माझं मत आधीच सांगतो: ॲप्लिकेशन.फाइलडायलॉग, म्हणजे ऑफिसची तयार फाइल-निवडीची खिडकी, घ्या. विंडोज एपीआयकडे (कोडमधून बोलावता येणारी विंडोजची स्वतःची फंक्शन्स) वळायला सबळ कारण एकच, ‘सेव्ह ॲज’ची खिडकी.

फाइलडायलॉग ऑफिस एक्सपीपासून उपलब्ध आहे. पाच-सहा ओळींत काम होतं, फिल्टर लावता येतो, अनेक फाइली एकदम निवडू देता येतात. खिडकी उघडणाऱ्या ‘शो’कडून -१ आला तर निवड झाली, ० आला तर वापरकर्त्याने रद्द केलं. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बहुतेक नमुना कोडमध्ये यासाठी ऑफिस ऑब्जेक्ट लायब्ररीचा रेफरन्स (त्या लायब्ररीशी जोडणी) लावलेला असतो. तो टाळा. नव्या ऑफिसमध्ये बनवलेली फाइल जुन्या ऑफिसच्या मशीनवर उघडली की तो रेफरन्स ‘मिसिंग’ दिसतो आणि मग ‘लेफ्ट’, ‘डेट’ अशी साधी फंक्शन्सही अडतात. व्हेरिएबल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून घोषित करा आणि प्रकाराच्या जागी थेट आकडा द्या: फाइलसाठी ३, फोल्डरसाठी ४. मग रेफरन्स लागतच नाही.

मर्यादा अशी की मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार ‘ओपन’ आणि ‘सेव्ह ॲज’ हे दोन प्रकार ॲक्सेसमध्ये चालत नाहीत. ‘ओपन’ची उणीव ‘फाइल पिकर’ भरून काढतो. रिपोर्टची पीडीएफ कुठे ठेवायची हे विचारायचं असेल, तर मात्र एपीआयचं गेटसेव्हफाइलनेम हे फंक्शन हवं.

तिथे मेहनत आहे. ६४-बिट ऑफिससाठी डिक्लेअरमध्ये (एपीआय फंक्शन घोषित करणाऱ्या ओळीत) ‘पीटीआरसेफ’ आणि हँडल-पॉइंटरसाठी ‘लाँगपीटीआर’ लागतं, फंक्शनला द्यायच्या स्ट्रक्चरचा (माहितीच्या गठ्ठ्याचा) आकार ‘लेन’ने नव्हे तर ‘लेनबी’ने मोजावा लागतो. आकार चुकला तर एरर येत नाही, खिडकी नुसती उघडतच नाही, म्हणून चूक सापडायला फार त्रास होतो.

कॉमडीएलजी३२.ओसीएक्स हा फाइल-खिडकीचा जुना कंट्रोल नव्या कामात घेऊच नका. त्याची ६४-बिट आवृत्ती नाही, शिवाय प्रत्येक मशीनवर नोंदणी करावी लागते.

काहीही निवडलंत तरी हाती येतो तो फाइलचा पाथ. तो ठेवायला ‘लाँग टेक्स्ट’ फील्ड घ्या, कारण ‘शॉर्ट टेक्स्ट’मध्ये २५५ अक्षरंच मावतात. नेटवर्कवरच्या फाइलींसाठी झेड: सारखं ड्राइव्हचं अक्षर न ठेवता सर्व्हरच्या नावासकट पूर्ण पाथ साठवा, कारण शेजारच्या मशीनवर तेच फोल्डर दुसऱ्या अक्षराने जोडलेलं असू शकतं.