कारवानीचं पिल्लू घेताना फसवतात ते असं

कारवानी या शिकारी, धावणाऱ्या देशी कुत्र्याच्या व्यवहारात फसवणारा माणूस साफ खोटं क्वचितच बोलतो. "साहेब, ही जातच सडपातळ." खरं आहे. "परक्याला अंगाला हात लावू देत नाही." तेही खरं. "आता बारकं दिसतंय, सहा महिन्यांत बघा कसं उंच निघतंय." हेही होतं. तिन्ही वाक्यं खरी, आणि खोक्यात बसलेलं पिल्लू मात्र जंतांनी पोखरलेलं, जेमतेम पाच आठवड्यांचं. जातीचे गुणच आजार झाकायला वापरले जातात. त्यामुळे लॅब्रेडॉर किंवा डॉबरमन पारखून घेणारा अनुभवी माणूसही इथे गंडतो.

सडपातळपणापासूनच सुरू करू. तयार झालेला, धावता कारवानी बघितला तर शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात, खुब्याची दोन हाडं वर आलेली दिसतात, पोट आत गेलेलं असतं. पण पाठीच्या कण्यावरून बोटं फिरवली की दोन्ही बाजूंना घट्ट स्नायू लागतो आणि मांडी भरलेली असते. उपाशी कुत्र्याचा कणा करवतीसारखा हाताला लागतो. हा झाला मोठ्या कुत्र्याचा हिशोब. दोन महिन्यांच्या पिल्लाला "जातच सडपातळ" ही सबब चालत नाही. त्या वयात ते गुटगुटीतच हवं. पाठ हाडकुळी आणि पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं असेल तर ते गोल जंत. ओठ वर करून हिरड्या बघा: गुलाबी हव्यात, अंगठ्याने दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. पांढुरक्या हिरड्या म्हणजे बहुतेक वेळा आकडी जंत, पिसवा किंवा गोचीड रक्त पीत आहेत. जंताचं औषध दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला द्यायचं असतं. "दोन महिने पूर्ण झाले की देऊ" असं म्हणणाऱ्याने एकदाही दिलेलं नसतं.

बुजरेपणाचंही तसंच. कारवानी परक्याशी लगट करत नाही, हाक मारली म्हणून शेपूट हलवत येत नाही. पण निरोगी पिल्लू बुजलं तरी पाच-दहा मिनिटांत कान टवकारून तुमची चप्पल हुंगायला येतं, भावंडांच्या अंगावर उड्या मारतं. जे कोपऱ्यात मान टाकून बसलंय, दूध पुढे ठेवलं तरी उठत नाही, ते बुजरं नाही, आजारी आहे. डोळ्यांत चिपडं आणि नाकातून घट्ट शेंबूड असेल तर डिस्टेंपर या संसर्गजन्य विषाणूरोगाची शंका घ्यायची आणि त्या वेतातलं एकही पिल्लू घ्यायचं नाही. तुम्ही निवडलेलं टुणटुणीत असलं तरीही.

वयाची लबाडी सगळ्यात जास्त चालते, कारण तिच्यात विक्रेत्याचा खाण्याचा आणि लसीचा खर्च वाचतो. श्वान पैदास व विक्री नियम, 2017 प्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, पैदास करणाऱ्याची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. प्रत्यक्षात चौथ्या-पाचव्या आठवड्यातलं पिल्लू "दोन महिन्यांचं" म्हणून सर्रास जातं. यावर दात हाच पुरावा. आठ आठवड्यांना दुधाचे सगळे अठ्ठावीस दात आलेले असतात: बारा पुढचे, चार सुळे, बारा दाढा. सुळे आहेत पण मागच्या दाढा फुटलेल्याच नाहीत, तर पिल्लू लहान आहे. जन्मतारीख काहीही सांगू देत.

आता लसकार्ड. ते रंगीत असतं, त्यावर कंपनीचा कुत्रा छापलेला असतो, आणि लोक तेवढ्यावर भुलतात. कार्डात बघायच्या गोष्टी चार. लसीच्या बाटलीवरून काढलेलं स्टिकर चिकटवलेलं हवं, त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत वाचता यायला हवी. तारीख हवी. डॉक्टरची सही आणि शिक्का हवा, शिक्क्यात पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. त्या डॉक्टरला तिथल्या तिथे फोन लावा. उचलला नाही तर व्यवहार थांबवा. नुसतं पेनाने "लस दिली" लिहिलेलं कार्ड म्हणजे कोरा कागद. आणखी एक मेख आहे. काही जण खरी लस आणतात, खरं स्टिकर लावतात, पण टोचतात स्वतः, आणि ती बाटली आधी दोन दिवस खिडकीत पडलेली असते. ही लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहिली नाही तर तिचा उपयोग नाही. म्हणून सही कोणाची, हे स्टिकरइतकंच महत्त्वाचं. आणि सहा आठवड्यांना दिलेला एक डोस म्हणजे "लसीकरण पूर्ण" नव्हे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती त्या डोसला निकामी करू शकते, म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यावे लागतात.

पिल्लू कुठे बघायचं, याला एकच उत्तर: जिथे आई आहे तिथे. "तुम्ही कशाला एवढ्या लांब येता, आम्ही टोलनाक्यावर आणून देतो" हा पाहुणचार नाही. आई दाखवायची नाही, किंवा आईच नाही, पिल्लं चार ठिकाणांहून गोळा केलेली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. आई दाखवली तर तिची आचळं बघा. आठ आठवड्यांपूर्वी व्यालेल्या मादीची आचळं ओघळलेली असतात. सपाट, कोरडं पोट असेल तर ती शोभेची आई. याहून वाईट म्हणजे "ट्रॅव्हल्सने पाठवतो, दादा". पुठ्ठ्याचा खोका, वरून चार भोकं, आणि खोका जातो बसच्या डिकीत, इंजिनाच्या धगीला. पोहोचल्यावर पिल्लू मलूल असेल तर "प्रवासाचा शीण" हे उत्तर तयार असतंच.

हा शीण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उलट्यांवर आणि रक्ताच्या, कुजकट वासाच्या जुलाबांवर येतो तेव्हा विक्रेता म्हणतो, "तुमच्याकडचं पाणी बाधलं." पार्वोचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदासुद्धा. म्हणजे घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी जुलाब लागले तर आजार तिकडूनच आला, यात वाद नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी लागले तर मात्र वाद घालायला जागा उरते, आणि ती विक्रेत्याला पक्की ठाऊक असते. म्हणून पिल्लू आणल्यापासून चोवीस तासांत पशुवैद्याकडे न्यायचं, वजन, तापमान, हिरड्या, दातांवरून वय, सगळं तारखेसह लेखी घ्यायचं, विष्ठा तपासायला द्यायची. लक्षणं दिसली की पार्वोची किट चाचणी. नुकत्याच दिलेल्या लसीमुळेही किटवर कधी फिकट रेघ येते, हा बचाव पुढे केला जातो. अशा वेळी डॉक्टरकडून लक्षणं आणि पांढऱ्या पेशींची संख्या नोंदवून घेतली की तो बचाव लंगडा पडतो. पिल्लू दगावलंच तर बर्फात ठेवून लगेच शवविच्छेदनाला न्यायचं. फ्रीझरमध्ये गोठवलं तर ऊती खराब होतात आणि अहवाल अर्धवट येतो.

यानंतर विक्रेता एकदम भला माणूस होतो. "दुसरं पिल्लू फुकट घ्या, फक्त गाडीभाडं द्या." इथे माणूस दुसऱ्यांदा नागवला जातो. पार्वो घरात, अंगणात, सावलीच्या जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो आणि फिनाईलला दाद देत नाही. फरशीवरची घाण आधी धुऊन, मग तीस भाग पाण्यात एक भाग साधं ब्लीच मिसळून दहा मिनिटं ओलं ठेवावं लागतं. मातीच्या अंगणात तेही धड होत नाही. तिथे नवं, अर्धवट लस झालेलं पिल्लू आणणं म्हणजे ते मारायलाच आणणं. बदली पिल्लू नको, पैसे परत हवेत, असं लेखी कळवा.

शुद्धतेबद्दल थोडं. कारवानी आणि मुधोळ ही दोन वेगळी, कमी-जास्त शुद्ध कुत्री आहेत असं सांगून एकाच वेतातली पिल्लं दोन वेगवेगळ्या दरांनी विकतात. केनेल क्लब ऑफ इंडिया कॅरावान हाउंड या नावाने नोंदणी करतो, तर बागलकोट जिल्ह्यात मुधोळ हेच नाव चालतं. ऑगस्ट 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळचा उल्लेख केल्यावर ते नाव घरोघरी गेलं. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. "केंद्रातलं पिल्लू" म्हणून कोणी एजंट विकत असेल तर त्याच्याशी न बोलता केंद्रालाच फोन करा. लांब केसांच्या पश्मीचा जास्त भाव सांगतात, पण कानाशेपटीची झालर पूर्ण यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. दोन महिन्यांच्या पिल्लाची लव दाखवून पश्मी ठरवणं ही निव्वळ बोलाची कढी. शर्यतींच्या नादाने ग्रेहाउंडचा संकर बराच झालाय. तोही कुत्रा म्हणून चांगलाच, फक्त शुद्ध कारवानीच्या भावाने घेऊ नका. पिल्लात हा फरक ओळखू येत नाही, आईबापांत येतो: कारवानीचे कान डोक्याला चिकटून खाली लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात, त्याची कंबर कमानदार आणि मांडी जाड असते. "कागद मागाहून येतील" हे कागद येत नाहीत. वेताची नोंदणी पैदास करणाऱ्याने आधीच करायची असते, आणि केनेल क्लबच्या नोंदणी प्रमाणपत्रावर पंधरा आकडी मायक्रोचिप क्रमांक असतो. तो पिल्लाच्या खांद्यामधल्या चिपशी स्कॅनरने जुळवून बघा. आईबापांचं कर्तृत्व म्हणून कोणी सशाच्या शिकारीचा व्हिडिओ पाठवला, तर तो माणूस 1972 च्या वन्यजीव कायद्याखालच्या गुन्ह्याचा पुरावाच तुमच्या हातात देतोय.

आणि जिथे पिल्लूच नसतं तो प्रकार. चोरलेले फोटो, बाजारापेक्षा निम्मा भाव, टोकन, मग पिंजऱ्याचं "परत मिळणारं" डिपॉझिट, मग विमा. शेवटी परतावा देतो म्हणून क्यूआर कोड. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. टोकन देण्याआधी व्हिडिओ कॉल लावून पिल्लाच्या शेजारी तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद धरायला सांगा. भामटा "नेटवर्क नाही" म्हणतो.

पैसे गेले असतील तर दुसरं काही करण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. पहिल्या काही तासांत रक्कम समोरच्या खात्यात गोठवता येते, नंतर ती पुढच्या खात्यांत पांगते. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, बँकेलाही कळवा. चॅट पुसू नका आणि नंबर ब्लॉकही लगेच करू नका, त्याचा प्रोफाइल फोटो आणि नाव आधी टिपून घ्या. पोलिसांकडची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318(4) खाली बसते. आजारी पिल्लू विकणारा व्यावसायिक पैदासकार असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता जास्त कामाचा, आणि तिथे त्या चोवीस तासांतल्या तपासणीचा कागद लागतो.