रडारची अचूकता तपासताना संदर्भ कोणता: एडीएस-बी (विमानाने स्वतःच प्रसारित केलेले स्थान) की अनेक रडारांचा एकत्रित मार्ग?

एडीएस-बीचा संदर्भ स्वस्त: अ‍ॅस्टेरिक्स (रडार-माहितीचे प्रमाण स्वरूप) श्रेणी ०४८ (रडारचे वेध) आणि ०२१ची (एडीएस-बीचे वेध) नोंद घ्या, सॉफ्टवेअरमध्ये जुळवा. पण दोन्हींची घड्याळे जुळतात का, ते आधी तपासा. ४५० नॉटवर अर्ध्या सेकंदाची चूक म्हणजे सुमारे ११५ मीटर, आणि दोष विनाकारण रडारच्या माथी. स्वतःच्या स्थानाची अचूकता कमी सांगणारी विमाने गाळाच.

एकत्रित मार्गात (युरोपीय हवाई वाहतूक संस्था युरोकंट्रोलचे सॅस-सी हे सॉफ्टवेअर हेच करते) एडीएस-बी नसलेली विमानेही मोजता येतात. मात्र रडारांची क्षेत्रे एकमेकांवर यायला हवीत. एकट्या रडारला इथे उपाय नाही. दिगंशात (उत्तरेपासूनच्या कोनात) ०.१ अंशाचा कायमचा कल १०० सागरी मैलांवर ३२० मीटर होतो. तो आधी काढा, मगच विखुरणे (दर वेधागणिक बदलणारी चूक) मोजा. एकाकी रडारला एडीएस-बीच बरे.