ई-एससीआर : मर्जीतल्या वाटपावरचे निवाडे मुळातून वाचताना

आमच्या नगरपालिकेने बाजारपेठेतला एक गाळा निविदेतल्या अनुभवाच्या अटीत न बसणाऱ्या माणसाला दिला, तेव्हा न्यायालयात जाण्यात अर्थ आहे का, हे पाहण्यासाठी मी सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर या निवाडे-शोध सेवेवर दोन रविवार घालवले. 2 जानेवारी 2023 रोजी सुमारे 34 हजार निवाड्यांसह सुरू झालेली ही सेवा पूर्णपणे मोफत आहे. येथे मिळतो तो न्यायालयाच्या अधिकृत अहवालातला मजकूर, त्यामुळे कुणी काढलेल्या सारांशावर विसंबावे लागत नाही. माझ्या दृष्टीने हाच तिचा सर्वांत मोठा गुण, आणि तो मला ‘रमणा दयाराम शेट्टी’ खटल्याने पटवला.

1979 सालचा हा खटला मुंबई विमानतळावरील एका उपाहारगृहाचा आणि दोन अल्पोपाहार केंद्रांचा आहे. किमान पाच वर्षांचा अनुभव असलेल्या, नोंदणीकृत द्वितीय श्रेणीच्या हॉटेलचालकांकडून विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागवल्या आणि कंत्राट दिले ते कँटीन चालवण्याचा दहा वर्षांचा अनुभव असलेल्या, पण तशी नोंदणीच नसलेल्या सर्वाधिक बोलीदाराला. न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निवाड्यानुसार, शासनसंस्थेने स्वतः घातलेली अट तिला स्वतःलाही बांधते. कारण ती अट वाचून जे निविदा भरण्यापासून मागे राहिले, त्यांची संधी नंतरच्या सवलतीमुळे हिरावली जाते आणि अनुच्छेद 14 मधील समानतेचा भंग होतो. उपाहारगृह दुसऱ्या श्रेणीचे, निवाडा मात्र पहिल्या!

इथपर्यंतचा भाग बहुतेक लेखांत सापडतो. पुढची पाने वाचल्यावर मात्र कळते की कंत्राटाला आव्हान देणाऱ्या अर्जदाराच्या हाती काहीच लागले नाही. तो दुसऱ्याच कुणासाठी लढत होता, त्याने पाच महिन्यांहून अधिक उशीर केला आणि दरम्यान कंत्राटदाराने सुमारे सव्वा लाख रुपये खर्च केले होते, या कारणांनी न्यायालयाने कंत्राट रद्द करण्यास नकार दिला.

शेवटपर्यंत वाचण्याची अशी सावधगिरी इतरत्रही लागते. तत्कालीन पेट्रोलियम मंत्र्यांनी मर्जीने वाटलेले 15 पेट्रोल पंप न्यायालयाने 1996 मध्ये रद्द केले आणि त्यांना 50 लाख रुपये भरण्याचाही आदेश दिला, परंतु 1999 मध्ये पुनर्विलोकनात तो 50 लाखांचा आदेश मागे घेतला गेला. पहिला निवाडा वाचून थांबणारा वकिलासमोर तोंडघशी पडेल. तसेच, राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नांवर न्यायालयाने 2012 मध्ये दिलेल्या मतानुसार लिलाव हा नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा एकमेव मार्ग नाही, त्यामुळे ‘लिलाव झाला नाही’ एवढीच तक्रार पुरेशी ठरत नाही.

मराठी वाचकासाठी एक उणीव नोंदवतो. जानेवारी 2023 च्या अखेरीस प्रादेशिक भाषांतील अनुवाद उपलब्ध झाले तेव्हा मराठीत अवघे 14 निवाडे होते. संख्या पुढे वाढली, तरी प्रमाण मानली जाते ती इंग्रजी प्रतच. म्हणून अनुवादाचा उपयोग समजून घेण्यापुरता करावा आणि अर्जात मूळ मजकूरच उद्धृत करावा. शोधताना पक्षकाराचे नाव ठाऊक असल्यास काम झटपट होते, नुसता ‘निविदा’सारखा शब्द इंग्रजीत घातला तर यादीचा ढीग समोर येतो.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी मी संगणक बंद करून गाळ्याचे वाटपपत्र पुन्हा काढले आणि त्यावरची तारीख पाहिली. चार महिने होत आले होते. सोमवारी सकाळीच वकिलांची वेळ घेतली.