यामाहा डीएक्स-७: आठ महिने वाजवल्यावर

एकांकिका आणि लघुपटांना पार्श्वसंगीत देतो. 'इथे मस्त व्हायोलिनं हवीत' असं प्रत्येक दिग्दर्शक सहज म्हणून जातो, आणि आठ व्हायोलिनवाल्यांचे पैसे कुणाकडेच नसतात. ऐंशीच्या दशकात लोकांनी हे कसं निभावलं असेल, या खाजेपोटी यामाहाचा जुना सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड, डीएक्स-७ घेतला. १९८३ साली बाजारात आलेलं मॉडेल. विकणारे काका गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. बटणांजवळ चिकटपट्टीच्या तुकड्यांवर बॉलपेननं 'पाऊस', 'घंटा', 'नागीण' लिहिलेलं. तिथेच विरघळलो.

घरी आणून 'घंटा' दाबली तर कुकरची शिट्टी! आतली बॅटरी मेलेली, त्यामुळे काकांनी साठवलेले ३२च्या ३२ आवाज गेलेले. बॅटरी साधी, नाण्याएवढी सीआर २०३२, पण बोर्डवर सोल्डर केलेली. बदलताना सॉकेटच बसवून घेतलं. मग कंपनीचे मूळ आवाज लॅपटॉपवरून मिडीनं (वाद्य आणि संगणक जोडायची तार) भरायला दोन संध्याकाळी गेल्या, कारण यंत्र बंद करून चालू केलं की मेमरी प्रोटेक्ट, म्हणजे साठवणीचं कुलूप, परत लागतं आणि ते काढायला मी दरवेळी विसरायचो. स्क्रीन दोन ओळींचा, मागे दिवा नाही. रात्री मोबाइलचा टॉर्च दातात. वजन चौदा किलो, एकट्यानं जिना चढू नये.

आता आवाज. यात खऱ्या वाद्याचं रेकॉर्डिंग एकही नाही. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंगनं शोधलेल्या एफएम पद्धतीत एक लहर दुसरीला डुलवते आणि त्यातून नाद तयार होतो. अशी एकेक लहर काढणारे सहा ऑपरेटर, ते आपसांत जोडायच्या ३२ तऱ्हा. एकाला १ आणि दुसऱ्याला ३.५ असं कंपनांचं गुणोत्तर द्या, अशी घंटा वाजते की शेजारच्या आजींनी हात जोडावेत. इलेक्ट्रिक पियानोबद्दल तर बोलायलाच नको. व्हायोलिनं मात्र नाहीत. एका लघुपटाच्या निरोपाच्या प्रसंगाला मी 'स्ट्रिंग्ज'चे चार थर रचले. एका वेळी एकाच प्रकारचा आवाज निघतो, तोही मोनो, रिव्हर्ब (घुमारा) वगैरे काही नाही, म्हणून एकेक थर वेगळा रेकॉर्ड केला. ऐकून दिग्दर्शक म्हणाला, "हार्मोनियम छान वाटतेय."

चिडून १९८५चा 'विटनेस' हा इंग्रजी सिनेमा पुन्हा लावला. संगीत मॉरिस झार यांचं. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'साठी भलामोठा ऑर्केस्ट्रा वापरणारा माणूस. गोष्ट अमेरिकेतल्या आमिश या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची, जे तारेवरची वीज घरात घेत नाहीत, आणि सगळं गाव मिळून धान्याचं कोठार उभारतं त्या प्रसंगाला सिंथेसायझर! तरी कुठे खटकत नाही. या संगीताला ऑस्करचं नामांकनही होतं. झार यांनी एकट्यानं थर रचले नव्हते, अनेक वादक एकत्र बसवून वाजवून घेतलं होतं. माझे चारही थर माझेच. तीच बोटं, तोच जोर, उशीर व्हायचा तोही चौघांचा एकाच ठिकाणी.

पुढच्या कामाला बासरीवाला मित्र आणि पेटी वाजवणारी मावसबहीण बोलावली. डीएक्स-७ला फुंकेवर चालणारा कंट्रोलर जोडता येतो, तो शोधून मागवला होता. मित्रानं तो दातात धरला, मी कळा दाबल्या. ओळ संपायच्या जरा आधी त्याचा दम सरायचा आणि सूर किंचित खाली बसायचा. बहिणीनं तीच ओळ नंतर तिच्या ठेक्यात वाजवली, माझ्याहून केसभर पुढे. आवाज तोच प्लास्टिकचा, पण आता खोलीत चार माणसं बसल्यासारखी वाटली. दिग्दर्शकानं व्हायोलिनचं नाव काढलं नाही, हार्मोनियमचंही नाही. संवादाखाली आवाज कमी कर, एवढंच म्हणाला. आमच्या धंद्यात ही शाबासकीच.

मुंबईत याची दुसरी बाजूही आहे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला नोटेशन वाचून वाजवणाऱ्या व्हायोलिनवाल्यांच्या रांगा असत, त्यात गोव्याचे पुष्कळ. सिंथेसायझर आणि मल्टिट्रॅक (एकेक वाद्य वेगळं रेकॉर्ड करायची सोय) आले, तशा त्या रांगा आटल्या. काकांचं पोट या पेटाऱ्यावर चाललं आणि त्यांच्या मेव्हण्याचं व्हायोलिन कपाटावर गेलं, हे त्यांनी पैसे मोजता मोजता सांगितलं.

नुसते आवाजच हवे असतील तर संगणकावर हेच आवाज काढणारं डेक्स्ड हे सॉफ्टवेअर फुकट आहे, पाठही वाचेल. मी मात्र हा विकणार नाही. पट्ट्या तशाच ठेवल्यात. 'घंटा' जागेवर परत आणली, 'पाऊस' बराचसा जमलाय. 'नागीण' काही केल्या होत नाही. काकांना फोन केला, तेही विसरलेत.