ओम्नीच्या मागच्या पाट्यांना कमान देऊन घेतली : आंबा आणि पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

गाडी मारुती ओम्नी, २००९ ची, एमएच ०७. देवगड तालुक्यात आमची कलमं आहेत, त्यामुळे सीझन सुरू झाला की मागची सीट घराच्या पडवीत जाते आणि तिच्या जागी पेट्या येतात. पाच डझनी पेटी भरली की सोळा-अठरा किलोला जाते. अशा वीसेक पेट्या आणि दोन गडी वर्षानुवर्षं वाहिल्यावर पाटे, म्हणजे मागच्या चाकांवर गाडीचा भार झेलणाऱ्या बाकदार पोलादी पट्ट्या, सरळ होणारच. गाडी मोकळी उभी असली तरी नाक वर. रात्री समोरचे डिपर मारायचे, कारण आमचा लाइट थेट त्यांच्या डोळ्यांत. बागेत जाताना कातळावर सायलेन्सर घासायचा, आणि भरल्या गाडीने खड्डा घेतला की अ‍ॅक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा दांडा) वरच्या बंप रबरावर आपटून धाडकन आवाज.

सल्ले भरपूर मिळाले. सगळ्यात स्वस्त सल्ला लांब शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी झुलती कडी) टाकण्याचा. तो मी नाकारला. शॅकल ४ सेंमी लांब केली तर गाडी साधारण २ सेंमीच उचलते, शिवाय अ‍ॅक्सल फिरतो आणि मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बदलतो. ओम्नी मागच्या चाकांवर चालणारी. कोन बिघडला की शाफ्ट थरथरायला लागतो. पाटे थकलेले ते थकलेलेच राहतात, ते वेगळंच. कॉइल स्प्रिंगच्या वेढ्यांत बसवायचे रबरी बफर मिळतात ते अल्टो, वॅगन आरवाल्यांसाठी. पाट्यांच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही.

काम कणकवलीत केलं. नेण्याआधी घरी सपाट जागेवर, गाडी थोडी मागे-पुढे ढकलून, चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं. जमिनीपासून घेतलं तर टायरच्या हवेवर माप बदलतं. उजवी बाजू डावीपेक्षा १२ मिमी खाली निघाली. मिस्त्रीला नुसतं "गाडी बसलीय" सांगण्यापेक्षा हा आकडा फार कामाला आला.

मिस्त्री जुना माणूस. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट काढून पाटे सुटे केले तेव्हा मधून गंजाचे पापुद्रे फरशीवर पडले. खाऱ्या हवेत दुसरं काय होणार! प्रत्येक पाटा हातात टांगता धरून त्याने हातोडीने वाजवून पाहिला. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर तडा. मग डावा मेन पाटा (सगळ्यात लांब, मुख्य) फरशीवर आडवा ठेवून खडूने त्याची रेघ मारली, रेघेच्या वर हवी तेवढी कमान काढली आणि पाटा थंडच ठोकत त्या रेघेला मिळवला. उजवा त्याच रेघेवर. गॅसने लाल करून वाकवून देणारेही आहेत, पाच मिनिटांत काम होतं. पण पोलादाचं पाणी, म्हणजे त्याला दिलेला कडकपणा, उतरतं आणि तो पाटा लवकरच पुन्हा झोपतो. अजून उचलता येईल का विचारलं तर म्हणाला, "व्हयी तेवढी वर करून देतंय, पण मगे पाठ दुखली तर माका सांगू नकात."

मी कमान मुळाइतकीच ठेवली आणि माल वाहायचा म्हणून खालून एक छोटा पाटा वाढवला. तोही मूळ जाडीचाच. रुंदी-लांबी तीच ठेवून पाट्याची जाडी ६ वरून ८ मिमी केली तरी त्याचा कडकपणा सव्वादोन पटीच्या वर जातो. पाटे अ‍ॅक्सलला बांधणारे यू बोल्ट नवीन घेतले, पाट्यांच्या टोकांतले रबरी बुशही. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळायचे, नाहीतर रबर कायम पीळ खाऊन राहतं आणि लवकर फाटतं.

गाडी मागून ४ सेंमी उचलली. पहिल्या काही आठवड्यांत त्यातला सेंटीभर बसला, त्यानंतर माप हललेलं नाही. भरल्या गाडीने फोंडाघाट चढताना स्टिअरिंग आता हलकं, तरंगतं लागत नाही. वळणावर मागचा भाग लोळायचा तेही गेलं. कातळावर घासणं बंद. हेडलाइट मात्र पुन्हा लावून घ्यावे लागले. मागचा भाग उचलल्यावर उजेड जवळच पडायला लागला होता.

आता तक्रारी. मोकळी गाडी कडक झालीय, चांगलीच. आई मागे बसायला तयार नाही, म्हणते पुढे बसवा नाहीतर एसटीने जाते. पावसात ओल्या, उखडलेल्या रस्त्यावर मोकळ्या गाडीचं मागचं चाक टुणटुण उडतं आणि चढावर जागच्या जागी फिरतं. मागे खताची दोन पोती टाकून मी वेळ भागवतो. शॉकअप जुनेच ठेवलेत, तेही आता बदलायला हवेत.

यू बोल्ट थोडं चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या. माझे सैल झाले होते. पावसाळ्यानंतर गाडीखाली गोड्या पाण्याचा मारा द्या, पाट्यांच्या मधे ग्राफाइट ग्रीस भरा, पण बुशच्या रबराला ते लागू देऊ नका. ओम्नी फक्त घरच्या माणसांसाठी असेल तर नुसती कमान द्या, वाढीव पाट्याच्या भानगडीत पडू नका. आणि मेन पाटा बद्द वाजला तर कमानीवर पैसे न घालता सरळ नवीन घ्या.