चाकं गेली, कॅप राहिली

आधी आकडा सांगतो, हसायचं असेल त्यांनी हसून घ्या. जुनी चाकं विकताना बुडालेले ६७,००० रुपये. वर टेम्पोवाल्याला स्वतःच्या खिशातून दिलेले ८००.

आणि लिंक दाबली, ओटीपी सांगितला, क्यूआर कोड स्कॅन केला असलं काही मी केलेलं नाही. 'पैसे घ्यायला पिन लागत नाही' हे आमच्या आईला मीच शिकवलंय. म्हणूनच जास्त जिव्हारी लागलंय.

माल म्हणजे वडिलांच्या पद्मिनीची, म्हणजे जुन्या फियाटची, चार अलॉय (मिश्रधातूची) चाकं. गाडी १९८३ ची, चाकं बोटीवर नोकरीला असलेल्या मामानं आणलेली. गाडी कधीच विकली, चाकं माळ्यावर राहिली. मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर उभं आयुष्य काढलेला माणूस. दिवाळीच्या साफसफाईत ती खाली काढली आणि डिझेलमध्ये बुडवलेल्या नायलॉनच्या ब्रशनं मागची बाजू घासायला बसलो. ब्रेकची काळी भुकटी निघत निघत ओतीव अक्षरं उघडी पडली. क्रोमोडोरा, खाली इंचांतलं माप ५½ × १३. इटलीची कंपनी, फियाटलाच काय, फेरारीलाही चाकं पुरवायची. मी अर्धा तास ते चाक मांडीवर घेऊन बसलो होतो.

ओळखायचं कसं तेही सांगून टाकतो, कारण हा भाग मी बरोबर केला होता. नाव, माप सगळं मागच्या अंगाला असतं, त्यामुळे समोरून चकाचक फोटो बघून कधी किंमत करू नका. चार भोकांच्या चाकाचं पीसीडी, म्हणजे बोल्टच्या भोकांच्या मध्यातून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मोजायचं तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर व्हर्नियरनं घ्यायचं आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवायचा. टेपनं मोजलंत तर फसलात. फियाटचं ९८ मिलिमीटर, दुसऱ्या बऱ्याच गाड्यांचं १००, दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही आणि मग बोल्ट तिरके बसतात. त्या काळी मॅग्नेशियमचीही चाकं यायची. आतल्या बाजूला जरा खरवडून व्हिनेगरचा थेंब टाकायचा, फसफसलं तर मॅग्नेशियम. माझी फसफसली नाहीत. वजन प्रत्येकी ५ किलो ८०० ग्रॅम. ओळखीच्या फौंड्रीतून डाय पेनिट्रंट (बारीक तडे दाखवणारा रंग) मारून आणलं, तडा कुठंच नाही. एका चाकाची आतली कड जराशी दबलेली, ते मी जाहिरातीत स्वतःहून लिहिलं. प्रामाणिकपणाचा किडा.

किंमत ठरवताना मात्र हात चाचरला. आपल्याकडे असल्या मालाला ठरलेला बाजारभाव नाही. परदेशात लोक मागतात त्या किमती बघितल्या, पण मागणं वेगळं आणि मिळणं वेगळं. पॉलिशचा खर्च आणि दबलेली कड वजा करून ८०,००० लिहिले. तीन दिवसांत पंधरा-वीस फोन आले. कुणी म्हणे १०,००० देतो, कुणी म्हणे मारुती ८०० ला बसतील का. (बसत नाहीत. तिचं पीसीडी ११४.३.)

मग याचा फोन आला. कोइमतूरहून बोलतोय म्हणाला, जुन्या फियाट दुरुस्त करतो म्हणाला. कोइमतूर म्हटलं की मोटर रेसिंगवाल्यांचं गाव, मला खटकायचं काही कारणच नव्हतं. पहिला प्रश्न काय विचारला असेल? 'ओतीव अक्षरांचा फोटो पाठवा, आणि मधल्या भोकाचा व्यास सांगा.' किमतीचं नंतर. माझ्याशी तासभर ऑफसेटवर, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं त्यावर, बोलला. चाकांबद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, आणि मला वाटलं की ज्याला मालाची एवढी कदर आहे तो चोर कसा असेल? हे वाक्य लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. मालाची कदर होती म्हणूनच तर त्यानं माझा माल निवडला.

७२,००० ला ठरलं. घासाघीसही त्यानं व्यवस्थित केली, एकदम हो म्हणाला असता तर मी सावध झालो असतो. ५,००० यूपीआयनं ॲडव्हान्स आले. खरे आले, खात्यात जमा झाले. उरलेले ६७,००० एनईएफटीनं, माल टेम्पोत चढायच्या वेळी. त्यासाठी खातेनंबर मागितला. एनईएफटीला खातेनंबर द्यावाच लागतो, त्यात माझं काय चुकलं?

दुसरा शनिवार होता. बँक बंद. साडेबाराला टेम्पो दारात. चाकं आईच्या जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवलेली, मी स्वतः दोरी आवळत होतो. १२:४० ला मोबाइल वाजला. खात्याचे शेवटचे चार आकडे, ६७,००० जमा, तारीख, वेळ. त्याचा लगेच फोन: 'सर, आले ना?' टेम्पोवाला घाई करतोय, त्याला कागलजवळ हायवेला दुसऱ्या गाडीत माल द्यायचा होता. बँकेचं ॲप उघडलं तर नुसतं चक्र फिरत होतं.

बायको दारातून म्हणाली, "अहो, बॅलन्स बघितला का?"

मी म्हणालो, "मेसेज आलाय की!"

त्या दोन वाक्यांच्या मध्ये माझे ६७,००० गेले. तो मेसेज दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला होता. बँकेचा मेसेज अक्षरी नावानं येतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दुसरं म्हणजे, ५,००० आले तेव्हाच्या खऱ्या मेसेजमध्ये शेवटी शिल्लक रक्कम होती, १४,२१८. या मेसेजमध्ये शिल्लकच नव्हती. कशी असणार? खातेनंबर मी त्याला दिला होता, शिल्लक दिली नव्हती. वरखाली दोन मेसेज, बघायला पाच सेकंद लागली असती. दहा मायक्रॉनचा फरक पकडणारा माणूस मी. टेम्पोचा नंबरही टिपला नाही. तुम्ही टिपा, चालकाच्या चेहऱ्यासकट फोटो काढा, त्याला राग आला तर येऊ दे.

कळलं कधी? सोमवारी. रविवारी रात्री त्याचाच मेसेज आला, की सेंटर कॅप (चाकाच्या मधली झाकणं) तीनच आहेत, चौथी कुरिअर करा. मला वाईट वाटलं. माझीच चूक, कॅप पॉलिशच्या डब्यात राहिली होती. सकाळी कुरिअरच्या दुकानात गेलो, ११० रुपये यूपीआयनं दिले आणि सहज शिल्लक बघितली. ८०,००० च्या वर पाहिजे होती. १३,७५८ होती. कॅपचं पाकीट काउंटरवरून परत उचललं तेव्हा पोरगं म्हणालं, "काका, पावती झालीय, पैसे परत मिळणार नाहीत." म्हणजे वर हे ११० पण.

त्याचा फोन बंद. बँकेत गेलो. म्हणाले मेसेज आमचा नाही, आम्ही काय करणार. मी म्हणालो, ज्या खात्यातून ५,००० आले त्याचं नाव-पत्ता तुमच्याकडे दिसतोय ना, तो तरी द्या. पोलिसांचं पत्र आणा म्हणाले.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला. पलीकडची बाई सभ्य होती, पण तिचा पहिला प्रश्न, पैसे कुठल्या व्यवहारातून वळते झाले, त्याचा नंबर सांगा. वळते झालेच नाहीत हो, आलेच नाहीत! त्यांचं काम चोराच्या खात्यातले पैसे गोठवायचं. माझी चाकं कोण गोठवणार? सायबर तक्रारीच्या पोर्टलवरही तेच, रक्कम कुठल्या खात्यातून गेली तो रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना.

पोलीस ठाण्यात गेलो. मोबाइलवरून झालंय, सायबरला जा. सायबरला गेलो. वस्तू गेलीय, पैसे गेले नाहीत, तुमच्या ठाण्यात जा. परत ठाण्यात. आता नवीन मुद्दा: "त्यानं ५,००० दिलेत ना? मग फसवणूक कसली, ही उधारी झाली. दिवाणी मॅटर." मी म्हणालो, खोटा मेसेज पाठवून माल नेला, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आणखी कशासाठी आहे? साहेबांनी वर बघितलं. "एवढं कळतंय तर माल दिला कशाला?" याला उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

मग चाकांचं बिल मागितलं. १९८० च्या दशकात मामानं परदेशातून आणलेल्या चाकांचं बिल! ते नाही, मग मालकीचा पुरावा काय? आणि किंमत? ७२,००० ऐकून शेजारचा हवालदार हसला. त्यानं समोरच्या भंगारवाल्याला फोन लावून ॲल्युमिनियमचा भाव विचारला, १५० रुपये किलो. २३ किलो २०० ग्रॅम गुणिले १५०, अर्जावर माझ्यादेखत लिहिलं: अंदाजे किंमत ३,४८०. म्हणजे सरकारी हिशोबानं ५,००० घेऊन मीच १,५२० रुपये नफ्यात आहे. गुन्हा नोंदवला नाहीच, अर्जावर पोच देऊन वाटेला लावलं. बँकेला पत्र द्या म्हटलं तर आधी बँकेकडून माहिती आणा. हा फेरा मी चार वेळा मारला, चार दिवस खाडे.

विकायच्या आधी मालाचे वजनासकट, मापासकट फोटो काढून ठेवा आणि कुणा जाणकाराकडून किंमत लिहून घ्या, नाहीतर तुमचाही माल किलोवर जाईल. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जड व्यवहार करू नका. ॲप चालत नसेल तर टेम्पोवाल्याला चहा पाजा, दुसरा पाजा, संध्याकाळपर्यंत बसवा. आणि घरातली बाई काही विचारत असेल तर निदान वळून बघा.

कुणाकडे तेरा इंची क्रोमोडोराचा सेट विकायला आला तर एक बघा. चारांपैकी एका चाकाची आतली कड व्हॉल्व्हच्या भोकापासून वीतभर डावीकडे दबलेली असेल, आणि कॅप तीनच असतील. चौथी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, कुरिअरच्या पाकिटातच, त्यावर त्यानं दिलेला पत्ता अजून माझ्या अक्षरात आहे. गुगलवर तिथं कल्याण मंडप, म्हणजे लग्नाचं कार्यालय, दिसतो.