स्केटिंग रिंक सांगून आम्हाला गोदाम विकलं

प्री-फॅब स्टीलचा आइस रिंक बांधायचा विचार करत असाल, आणि कोणी चौरस फुटाचा दर सांगून "यात सगळं आलं" म्हणत असेल, तर ॲडव्हान्स देण्याआधी हे वाचा. आमच्या क्लबला असाच दर सांगितला गेला, वर लेखी हमी दिली गेली, आणि हातात आलं ते माल साठवायचं शेड. त्याच्या आत बर्फ जमवायला आम्हाला जवळजवळ दुसरी इमारत उभी करण्याइतका खर्च आला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. स्टीलबद्दल माझी तक्रार नाही. आंतरराष्ट्रीय हॉकीचा रिंक 60 मीटर लांब आणि 30 मीटरपर्यंत रुंद असतो, उत्तर अमेरिकी मापाचा साधारण 61 बाय 26 मीटर. त्याच्या कडेने खेळाडूंची बाकं, चालायची वाट, प्रेक्षकांच्या चार रांगा धरल्या, की मधे एकही खांब न ठेवता 35-40 मीटरचं छप्पर तोलायचं असतं. हे काम निमुळत्या कॉलम-राफ्टरची, म्हणजे खांब आणि छपराच्या तिरक्या तुळयांची, पोलादी चौकट फार चांगलं करते. भाग कारखान्यात कापून, भोकं पाडून येतात, जागेवर फक्त बोल्ट आवळायचे. पुढे लांबी वाढवायची असेल तर शेवटच्या भिंतीपाशी आणखी एक-दोन चौकटी जोडता येतात. पाया आणि चौकटीचं काम समांतर चालतं, त्यामुळे वेळ खरोखर वाचतो. हे सगळे फायदे खरे आहेत, आणि फसवणारा माणूस बोलायला सुरुवात यांच्यापासूनच करतो. त्याची पहिली दहा वाक्यं कुठल्याही इंजिनिअरला विचारली तरी बरोबरच निघतील.

अकरावं वाक्य असं होतं: एका गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली आहे, इमारत कारखान्यात तयार पडून आहे, मापही तुमच्याच उपयोगाचं आहे, पण स्टीलचे दर चढणार असल्याने ही किंमत या आठवड्यापुरतीच. अर्धी रक्कम आगाऊ, ती कुठल्याही परिस्थितीत परत नाही. आमच्या खजिनदारांनी तिथेच विचारलं, की ही इमारत दुसऱ्या जागेसाठी डिझाइन झाली असेल तर आमच्या जागेवर चालेल कशी? उत्तर आलं, "आमचे इंजिनिअर तुमच्या जागेनुसार तपासून देतात." आम्ही हे मेलवर मागितलं. मेलवरही तेच आलं, शिवाय "आतली रचना आइस रिंकसाठी योग्य आहे" असं वाक्य. आज आमच्या बाजूने उभा असलेला सगळ्यात भक्कम पुरावा तो मेल आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो: फोनवर मिळालेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी लेखी मागा.

माल आला तेव्हा पहिली शंका आली ती कॉलमच्या तळाशी. अशा इमारतीत प्रत्येक तुकड्यावर खूण असते, आणि इरेक्शन ड्रॉइंगवर, म्हणजे उभारणीच्या नकाशावर, त्याच खुणेने त्याची जागा दाखवलेली असते. आमच्या कॉलमवर नव्या लाल प्रायमरखाली ठोकलेले जुने आकडे बोटाला लागत होते. तारेच्या ब्रशने घासल्यावर ते वाचता आले, आणि ते आमच्या ड्रॉइंगमधल्या एकाही खुणेशी जुळत नव्हते. बेस प्लेटची (कॉलमच्या तळाच्या पट्टीची) भोकं गॅसने कापून लांबट केलेली होती, कडा काळ्या आणि ओबडधोबड. कारखान्यात पाडलेलं भोक असं दिसत नाही. म्हणजे इमारत नुसती रद्द ऑर्डरमधली नव्हती, तिचे काही भाग आधी कुठेतरी बसवून काढलेले होते.

मग आम्ही आमचा स्वतःचा स्ट्रक्चरल इंजिनिअर लावला. त्यांनी सगळ्यात आधी भारांचा तक्ता मागितला: छपरावर किती बर्फाचा भार धरला, वाऱ्याचा वेग किती, भूकंपाचा विभाग कोणता, छताला टांगायच्या वस्तूंसाठी किती वजन राखून ठेवलं. विक्रेत्याने ड्रॉइंगचा तोच कागद दिला नव्हता. बरीच ओढाताण झाल्यावर तो आला, तेव्हा कळलं की टांगत्या वजनाच्या रकान्यात जवळजवळ शून्य आहे. गोदामाला ते चालतं. रिंकच्या छताला मात्र हवेच्या वाहिन्या, दिवे, स्कोअरबोर्ड, काचेमागच्या जाळ्या, आतलं दुसरं छत असं सगळं लटकतं. आम्हाला राफ्टरना पट्ट्या जोडून मजबुती द्यावी लागली आणि पर्लिनच्या, म्हणजे पत्रा ज्यांवर बसतो त्या आडव्या पट्ट्यांच्या, मधे जास्तीच्या पर्लिन घालाव्या लागल्या. तो खर्च विक्रेत्याच्या मते "साइटचा विषय" होता.

छताच्या बाबतीत "चालून जाईल" म्हणणाऱ्याला मी एक उदाहरण देतो. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं पोलादी छत 18 जानेवारी 1978 च्या पहाटे बर्फाच्या ओझ्याखाली कोसळलं. काही तासांपूर्वीच तिथे बास्केटबॉलचा सामना होऊन सुमारे 5,000 प्रेक्षक घरी गेले होते, म्हणून जीवितहानी टळली. त्या छताचा झोळ बांधकाम चालू असतानाच हिशेबापेक्षा दुप्पट भरला होता, आणि त्याकडे दुर्लक्ष झालं होतं.

आता मुख्य विषय, पाण्याचा. पाया झाला, चौकट उभी राहिली, बर्फ जमला. काही आठवड्यांत कोच सकाळी खरवडणी घेऊन बर्फावर वाकलेल्या दिसू लागल्या. बर्फावर छोटी छोटी टेंगळं उठत होती, आणि ती वाटेल तिथे नव्हती. सरळ रेषेत, ठरावीक अंतरावर. वर पाहिलं तर प्रत्येक रेषेच्या बरोबर डोक्यावर एक पर्लिन, आणि पर्लिनच्या बोल्टाच्या टोकाला लोंबणारा थेंब. पाऊस नव्हता, छप्पर गळत नव्हतं. एका मुलीच्या स्केटचं पुढचं टोक अशाच टेंगळात अडकलं आणि ती मनगटावर पडली. त्या दिवशी आम्ही रिंक बंद केला.

यामागचं शास्त्र गुंतागुंतीचं नाही, आणि विक्रेत्याला ते माहीत नसणं शक्य नाही. बर्फाचा पृष्ठभाग उणे 4 ते उणे 6 अंशांवर असतो. छत त्याच्या समोरासमोर असल्याने आपली उष्णता प्रारणाने सतत खाली देत राहतं आणि स्वतः आतल्या हवेपेक्षा थंड होतं. हॉलमधली हवा 12 अंश आणि आर्द्रता 80 टक्के असेल, तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब होऊन सुटतं तो अंश, साडेआठ अंशांच्या जरा वर येतो. छत त्याच्या खाली उतरलं की पाणी सुटतंच. हीच आर्द्रता 60 टक्क्यांवर आणली की दवबिंदू साडेचारच्या आसपास जातो आणि थेंब थांबतात. हे काम डिह्युमिडिफायरचं, म्हणजे हवेतला ओलावा काढणाऱ्या यंत्राचं. शिवाय बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र दर फेरीला शेकडो लिटर गरम पाणी सोडतं, 60 अंशांच्या आसपासचं, आणि त्याची वाफ हॉलमध्येच राहते. आमच्या कोटेशनमध्ये डिह्युमिडिफायर नव्हता. विचारलं तेव्हा "पंखे पुरतात" असं सांगितलं होतं. पंख्याने बाहेरची दमट हवा आत ओढली गेली आणि थेंब वाढले.

इन्सुलेशनमध्येही हीच लबाडी होती. पर्लिनवर ग्लासवूलची गादी अंथरून वरून पत्रा स्क्रूने दाबला होता. जिथे दाबली तिथे गादीची जाडी कागदापुरती उरते, आणि तिथूनच धातूला धातू भिडून थंडी-उष्णता ये-जा करते. गादीच्या खालच्या बाजूला पांढरं व्हिनाइल होतं. दिसायला छान, पण असा पृष्ठभाग प्रारणाने जाऊ शकणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के सोडतो. ॲल्युमिनियमच्या चकचकीत आवरणाचं छत त्या जागी 5 टक्क्यांच्या आसपास सोडतं. रिंकच्या चिलरवर (बर्फ गोठवणाऱ्या यंत्रावर) येणाऱ्या भारातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसता छताच्या प्रारणाचा असू शकतो. म्हणजे हे आवरण थेंबही थांबवतं आणि दर महिन्याचं वीजबिलही उतरवतं. आम्ही नंतर बसवलं. आधी बसवलं असतं तर मचाण दुसऱ्यांदा बांधावं लागलं नसतं.

ओलावा ही फक्त गैरसोय आहे असं कोणी म्हणालं, तर त्याला जर्मनीतल्या बाड राइशेनहालची आठवण करून द्या. 2 जानेवारी 2006 रोजी तिथल्या आइस रिंकचं छत कोसळून 15 जणांचा जीव गेला, त्यात बहुतेक मुलं. छत लाकडी होतं, आणि त्याच्या तुळयांत वापरलेला डिंक ओलाव्याला न टिकणारा होता. पोलादात डिंक नसतो, पण गंज असतो. सांध्यांतल्या बोल्टांभोवती, पर्लिनच्या खोबणीत, पत्र्याच्या स्क्रूखाली तो आधी लागतो, म्हणजे नेमका जिथे खालून दिसत नाही तिथे. आमच्या पर्लिनवर गॅल्व्हनायझिंग (गंज रोखणारा जस्ताचा थर) नव्हतं, नुसता प्रायमर होता. रंगाची हमी मागायला गेलो तर बारीक अक्षरातलं कलम दाखवलं: आत सतत दमटपणा असलेल्या इमारतींना हमी लागू नाही. रिंकसाठी योग्य म्हणून विकलेल्या इमारतीची हमी रिंकमध्येच चालत नव्हती.

स्लॅबचं काम आम्ही दुसऱ्याला दिलं होतं आणि ते नीट झालं, म्हणून थोडक्यात लिहितो. पण विक्रेत्याने स्लॅबचा जो "पॅकेज दर" दिला होता त्यात इन्सुलेशनखालच्या गरम पाइपांची रांग वगळलेली होती. बर्फाखालची जमीन वर्षानुवर्षं थंड होत गेली की तिच्यातलं पाणी गोठतं, जमीन फुगते आणि स्लॅब उचलला जातो. हे पहिल्या हंगामात दिसत नाही, त्यामुळे वगळणाऱ्याला कोणी पकडत नाही. काँक्रीटमधले थंड पाइप 10 सेंटिमीटर अंतराने टाकले तर पूर्ण मापाच्या रिंकला साधारण 18 किलोमीटर पाइप लागतो. एकदा काँक्रीट ओतलं की खाली काय आहे आणि काय नाही, हे बघायला तोडण्याशिवाय मार्ग नाही. ओतण्याआधीचे फोटो आणि दाबचाचणीचा कागद ताब्यात घ्या. त्याच माणसाने आम्हाला आर-22 या जुन्या शीतक वायूवर चालणारा वापरलेला चिलरही "स्वस्तात" देऊ केला होता. मॉन्ट्रिअल करारानुसार हा वायू विकसित देशांनी 2020 पर्यंत जवळजवळ संपवला आणि विकसनशील देशांना 2030 ची मुदत आहे. असा चिलर घेणाऱ्याला पुढे वायू भरायला मिळणं कठीण होत जाणार. तो आम्ही घेतला नाही.

हिशेबाचं म्हणाल, तर आमच्या एकूण खर्चात चौकट आणि पत्रा मिळून तिसऱ्या हिश्श्याहून कमी भरले. बाकी सगळं स्लॅब, चिलर, डिह्युमिडिफायर, इन्सुलेशन, वीजजोडणी, कडेचे बोर्ड आणि काचा. कोटेशनमध्ये मात्र चौकटीचा दर एवढ्या मोठ्या अक्षरात असतो, की बाकीचं किरकोळ वाटावं. इमारत स्वस्त घेऊन दर महिन्याला वीज महाग भरायची, हा सौदा कुठल्याही क्लबला झेपणारा नाही. बर्फ गोठवणारी यंत्रणा हाच रिंकचा विजेचा सगळ्यात मोठा खर्च असतो. उलट चिलरमधून बाहेर फेकली जाणारी उष्णता वापरली, तर जमिनीखालचे पाइप, अंघोळीचं पाणी आणि खरवडलेला बर्फ वितळवायचा खड्डा, तिन्ही जवळजवळ फुकट गरम होतात. नीट बांधलेला स्टीलचा रिंक सकाळी फिगर स्केटिंग, दुपारी शाळा, रात्री हॉकी असा चालला तर खर्च भरून निघतो. मला आजही असे रिंक जागोजागी व्हायला हवे आहेत, म्हणूनच हे लिहायला बसलो.

तक्रार घेऊन गेलो तेव्हा कळलं, की ज्याला आम्ही उत्पादक समजत होतो तो फक्त दलाल होता. लेटरहेडवरचा कारखान्याचा फोटो दुसऱ्याचाच होता. प्रत्यक्ष भाग बनवणाऱ्याने सांगितलं, "आमचा तुमच्याशी करार नाही." दलालाने सांगितलं, "आम्ही फक्त पुरवठा केला." प्रकरण वकिलाकडे आहे, आणि तिथे तो मेल कामी येतो आहे.

तुम्ही बोलणी करत असाल तर कारखान्यात जाऊन तुमच्या नावाचं काम टेबलावर चालू असलेलं बघा. तुमच्या जागेचा पत्ता आणि भारांचा तक्ता छापलेलं, तुमच्या भागात काम करायचा परवाना असलेल्या इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं ड्रॉइंग मिळेपर्यंत आगाऊ रक्कम नाममात्र ठेवा. माल उतरवणं, क्रेन, अँकर बोल्ट, दारं, पन्हाळी, व्हेपर बॅरियर (वाफ अडवणारा थर) हे शब्द कोटेशनमध्ये शोधा, आणि जो सापडणार नाही त्याचा खर्च तुमच्या खिशातून जाणार असं धरून चाला. विक्रेत्याला आधी बांधलेल्या दोन रिंकची नावं विचारा आणि तिथे दमट दिवसांत, बर्फ चालू असताना जाऊन वर बघा. आणि एकूण रकमेतला दहावा हिस्सा करारात अडवून ठेवा: ठरलेल्या तापमानाला आणि आर्द्रतेला, पूर्ण दमट हंगामभर, छतातून बर्फावर थेंब न पडल्यासच तो देय होईल, असं शब्दात लिहून घ्या. आमच्या दुसऱ्या कंत्राटदाराने हे कलम वाचलं, आणि काही न बोलता डिह्युमिडिफायर एक माप मोठा धरला.